मरिया मकासरेची चावी

पाटाच्या गेटाची चावी कुलपाच्या चावीसारखी खिशात मावत नाही. हातभर लांबीचा लोखंडी दांडा, टोकाला चौकोनी भोक, वजन अडीच किलोच्या आसपास. गेटाच्या वर आट्यांचा उभा रॉड असतो, त्यावर ती बसवायची आणि अंगाचा जोर लावून फिरवायची. मग खालचं पोलादी दार बोटबोट वर सरकतं नाहीतर खाली बसतं. ज्याच्या हातात चावी तो पाटकरी, आणि ज्या चारीचं दार तो उचलील त्या चारीच्या रानाला पाणी.

यशया मकासरे ही चावी सुती दोरीनं कमरेला बांधायचा. काम पाण्याच्या माथ्यावर उभं राहून करायचं. हात निसटला तर चावी पाटाच्या तळाला, आणि वर साहेबाला लेखी खुलासा. म्हणून दोरी. १९७२ च्या उन्हाळ्यात यशया काविळीनं गेला. तिसऱ्या दिवशी पाण्याची पाळी सुटायची होती. माती देऊन आलेल्या लोकांचा चहासुद्धा झाला नव्हता, तेवढ्यात सेक्शन ऑफिसचा शिपाई दारात येऊन उभा राहिला, "चावी कुठंय?"

मरियानं दोरीसकट चावी आपल्या कमरेला बांधली आणि म्हणाली, "हितं हाय. किती वाजता सोडायचंय?"

तेव्हापासून अकरा महिने ती नेवाशाच्या अंगाच्या त्या कालव्यावर सात नंबर आणि आठ नंबर अशी दोन गेटं सांभाळत होती. काम तिला नवं नव्हतं. यशया तापानं फणफणला की आधीही तीच जायची. मिशनच्या शाळेत चौथी झालेली, त्यामुळे पाण्याची उंची दाखवणारी पट्टी वाचून वहीत आकडा मांडायला तिला कुणाची गरज नव्हती. पोहणं तिला प्रवरेनं शिकवलेलं. बाप इसहाक दुसऱ्यांच्या म्हशी राखायचा, आणि म्हशींमागं डोहात उतरायचं काम पोरीकडं.

गंमत बघा. ज्या गावच्या विहिरीवर मरियाच्या आजीला पोहरा टाकायची बंदी होती, त्याच गावचे बागाईतदार आता पाळीच्या दिवशी मरियाच्या ओट्यासमोर उभे राहायचे. "मरियाबाई, आमच्या चारीचं तेवढं बघा." मरियाचं घर येशूच्या देवळात जायला लागून तीन पिढ्या झाल्या तरी ज्यांच्या जिभेवरची जात सुटली नव्हती, त्यांच्या तोंडी 'बाई' आणि 'बघा' आलं होतं. ते पाटाच्या पाण्यानं आणलं.

पण हजेरीपटावर नाव यशयाचंच. कारकुनानं बदललं नाही आणि साहेबानं विचारलं नाही. मेलेला माणूस अकरा महिने रोज हजर होता. मरिया वहीत पाण्याचा आकडा लिहायची आणि खाली 'य. म.' अशी दोन अक्षरं. तिला सांगितलंच होतं तसं.

१९७३ चा मार्च. दुष्काळाचं दुसरं साल. गावातल्या विहिरींचे तळ दिसत होते, बाया-माणसं खडी फोडायला जात होती. अशात पिण्याच्या पाण्यासाठी आणि उभ्या उसासाठी पाटाला पाळी सुटली. पाळीच्या चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सात नंबरच्या गेटापाशी एक अँबॅसिडर येऊन थांबली. खात्याची जीप दुष्काळी कामावर अडकलेली, म्हणून निसळ रावसाहेबांनी भाड्याची गाडी केली होती. निसळ म्हणजे त्या टापूतल्या कालव्याचे इंजिनीअर. त्यांच्या शेजारी आप्पासाहेब, चाळीस एकर उसाचा धनी, डोक्याला कडक फेटा.

"मरियाबाई," निसळ उतरून म्हणाले, "आज चार्ज द्यायचा."

"कुनाला?"

"गोरक्षला. आप्पासाहेबांचा पुतण्या. नेमणूक व्हायचीय त्याची."

"आन् कुठाय त्यो?"

आप्पासाहेब गाडीतूनच म्हणाले, "येईल की. आंघोळ चालली असंल."

"धा वाजले, आप्पासाहेब. ह्ये गेट म्या पाचला फिरवलंय."

निसळांनी घसा खाकरला. "हे बघा, बाईमाणसाला पाटकरी म्हणून घेता येत नाही. तशी पद्धतच नाही."

"अकरा म्हैने घेतलं त्ये?"

"ती तात्पुरती सोय. द्या ती चावी इकडे."

मरियानं चावी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. "आठ नंबरला देते. थितं पान्याची वही हाय. तिच्यात लिवा, मरिया यशया मकासरेकडून चावी घेतली. खाली तुमची सही करा. मंग खुशाल घ्या."

"तुमचं नाव कागदावर कुठेच नाही, तर मी लिहू कसं?"

"म्हनूनच लिवा."

निसळांना ऊन लागत होतं. "बरं बरं, आठ नंबरला बघू. बसा गाडीत."

मरियानं मागच्या दाराला हात लावला, तसे आप्पासाहेब ताठ झाले. "पुढं, पुढं बस. डायवरपाशी." ती पुढं बसली. चावी मांडीवर, दोरी कमरेला. पुढच्या सीटवर बसायची तिच्या आयुष्यातली ती पहिली वेळ, आणि तिनं ती नीट टेकून साजरी केली.

ड्रायव्हरचं नाव श्रीमंत. त्याच्या गाडीला चार दारं होती आणि काच खाली-वर करायचं हँडल एकच. ते समोरच्या खणात असायचं. हवा पाहिजे असली की शिटावरच्या माणसानं "हँडल" म्हणायचं, श्रीमंत ते मागं द्यायचा, माणूस आपली काच उतरवायचा आणि हँडल परत पुढं यायचं.

"नाव श्रीमंत आन् चार दारांत एक हँडल?" मरिया म्हणाली.

"मावशी, बाजारच्या दिशी लोक काढून न्हेत्यात. तीन गेली. काय करत्यात त्या हँडलचं, त्येंचं त्येंना ठावं."

पाटाच्या भरावावरचा रस्ता म्हणजे घोट्याएवढा फुफाटा. निसळांनी धुळीला वैतागून चारी काचा बंद करायला लावल्या होत्या. हँडल फिरून परत खणात गेलं होतं.

गाडी निघाली. डाव्या हाताला पाट, काठोकाठ. आठ नंबरच्या गेटाला पाणी अडवून उंची वाढवतात, त्यामुळं गेटाच्या अलीकडं पाव मैल पाणी संथ आणि खोल. सात-आठ फूट तर सहज.

आठ नंबर दिसायला लागलं तशी मरिया म्हणाली, "श्रीमंत, थांब. हितनं चालत जाऊ. म्होरं भराव पोकळ हाय."

श्रीमंतानं गाडी हळू केली. निसळ पुढं वाकले. "पोकळ? कशानं?"

"दोनदा ऑफिसात सांगितलंय, सायेब. खालनं कुनीतरी पाईप घातलाय."

कुणीतरी म्हणताना तिनं मागं पाहिलं नाही. मागं आप्पासाहेब बसले होते आणि पाईप त्यांचा होता. भरावाच्या पोटातून सहा इंची सिमेंटचा पाईप, पलीकडं त्यांचा ऊस. पाळी असो नसो, त्यांच्या उसाला पाणी. गेल्या दोन महिन्यांत पाईपाच्या कडेनं माती वाहून वाहून रस्त्याखाली कोनाडा झाला होता. हे आप्पासाहेबांना मरियापेक्षा जास्त माहीत होतं, कारण त्यांचीच माणसं दर आठवड्याला तिथं पोती दाबत होती.

आता 'थांबा' म्हणावं तर इंजिनीअरसमोर पाईप कबूल करावा लागतो. आप्पासाहेबांनी फेटा सारखा केला. "काई पोकळबिकळ न्हाई. परवा माझा ट्रॅक्टर गेला हितनं. बाईमाणसाला भ्या वाटतं, रावसाहेब. घे रे, घे पुढं."

ट्रॅक्टर गेला नव्हता. ट्रॅक्टर ते मुद्दाम पलीकडच्या वाटेनं नेत.

श्रीमंतानं गाडी पुढं घेतली. पुढचं डावं चाक गेलं, आणि मागचं जाताना खालून पोतं फाटल्यासारखा आवाज आला. रस्ता खाली बसला. गाडी कलंडली, घसरली आणि नाकावर पाटात उतरली.

पहिल्यांदा ती तरंगली. माणसाला वाटतं गाडी दगडासारखी जाईल, तसं होत नाही. मिनिटभर ती पाण्यावर डुलत राहते, आणि तेवढंच मिनिट आपलं असतं. त्या मिनिटात निसळ खांद्यानं दार ढकलत होते, आप्पासाहेब दुसरं दार ढकलत होते, आणि श्रीमंत खाली वाकून हँडल शोधत होता. धक्क्यानं ते खणातून उडून पायांपाशी पडलं होतं, आणि पायांपाशी पाणी आलं होतं.

"हँडल! हँडल कुठाय!"

"आरं, मर ते हँडल," मरिया म्हणाली.

तिनं चावी दोन्ही हातांनी धरली आणि आपल्या काचेच्या कोपऱ्यात टोक घातलं. पहिल्या घावाला काच तडकली नाही. दुसऱ्याला चुरा झाली. पाणी गुडघ्यावर कोसळलं.

"काय केलंस!" आप्पासाहेब ओरडले. "बुडवतीस का?"

"गाडी बुडनारच हाय. आपुन भाईर निघायचंय. श्रीमंत, पवता येतं?"

"येतं."

"मंग माज्या अंगावरनं जा. भाईर निघ आन् टपावर हो. आमी वर आलो की हात दे."

श्रीमंत तिच्या मांडीवर पाय देऊन खिडकीतून निघाला. इंजिनाच्या वजनानं गाडीचं नाक खाली गेलं, पुढची खिडकी पाण्याखाली. तिथून एकटी सहज निघाली असती ती. पण मागं दोघं होते आणि दोघांनाही पोहता येत नव्हतं. निसळांचं बालपण नळाच्या पाण्यावर गेलेलं. आप्पासाहेबांच्या तीन विहिरी, पण पाण्यात उतरायचं काम गड्यांचं.

मरिया सीटवरून मागं गेली. वाटेत आप्पासाहेबांच्या मांडीवर पाय पडला. भक्कम पडला. मघाशी जिला शेजारी बसू दिलं नाही ती आता दोघांच्या मध्ये कोंबून बसली होती, आणि आप्पासाहेबांनी तिचा दंड असा धरला होता की पुढं आठ दिवस पाच बोटं निळी दिसत होती.

मागच्या काचेवर तिनं चावी दोनदा मारली. पण पाणी छातीला आलेलं, काचही पाण्याखाली गेलेली. पाण्यात हात फिरत नाही, घाव बसत नाही. निसळ अजून दारावर धडका मारत होते.

"सायेब, नगा ढकलू. दम संपंल. आठ नंबरचं गेट भरल्या पाटाला कितीदा बघितलंय तुमी? एका अंगाला पानी असलं तर दोन गड्यांना बी हलता हलत न्हाई. दोन्ही अंगांनी सारखं झालं की म्या एकटी फिरवते. ह्ये बी दारच हाय."

निसळ थांबले. पुस्तकात ते हेच शिकले होते, आकडे मांडून परीक्षाही पास झाले होते. आत्ता गळ्याशी आलेल्या पाण्यात ते त्यांना पाटकऱ्याच्या बायकोकडून आठवावं लागलं.

"कवर थांबायचं?" आप्पासाहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"हनुवटीला येऊ द्या. मंग मोठा दम घ्या आन् तोंड मिटा. सायेब, तुमी माज्या पदराला धरा. आप्पासायेब, तुमी सायबाला. कुनी कुनाला वडू नगा. बापा, तू बघ रे."

ते शेवटचं वर बघून होतं. टपाखाली चार बोटं हवा उरली. तिनं दम घेतला, कडी ओढली आणि पाठ सीटला लावून दोन्ही पायांनी दार रेटलं. आधी जराही न हललेलं दार गुमान उघडलं.

बाहेर नऊवारीचा काष्टा तिच्या कामाला आला, निसळांची पँट त्यांच्या आली नाही. वर श्रीमंत टपावर गुडघ्यांएवढ्या पाण्यात उभा होता. त्यानं निसळांना कॉलरला धरून उचललं. आप्पासाहेब बाहेर आले, पण त्यांचे हात सुटले आणि ते भेलकांडत पाटाच्या मधोमध निघाले. फेटा सुटून पुढं वाहत होता. मरियानं फेट्याचं एक टोक पकडलं, दुसरं त्यांच्या तोंडावर टाकलं. "धरा!" त्यांनी धरलं. सात वारांचा तांबडा फेटा, एका टोकाला चाळीस एकरांचा धनी आणि दुसऱ्याला मरिया. काठापर्यंत ओढत नेला.

श्रीमंतानं निसळांना ओढत काठाला आणलं आणि चौघंही भरावावर आली. निसळ ओकले. आप्पासाहेब मातीत पालथे पडून राहिले. मरिया बसली नाही. तिची नजर ढासळलेल्या भरावावर होती. रस्ता निम्मा गेला होता. उरलेल्या मातीतून फुटका पाईप बाहेर आला होता आणि त्याच्या कडेनं गढूळ पाणी उसाकडं पाझरत होतं. आणखी तासभर तसंच राहिलं असतं तर सबंध भराव फुटून पाळीचं सगळं पाणी रानात गेलं असतं. खालच्या सहा गावांत लोक घागरी लावून बसले होते.

"श्रीमंत, चल!"

दोरी कमरेलाच होती, चावी दोरीला. दोघं आठ नंबरला धावले. पलीकडच्या अंगाला पाणी कमी, अलीकडं तुंबलेलं. दार गच्च बसलं होतं. मरियानं चावी रॉडवर चढवली, श्रीमंतानं दांड्याच्या दुसऱ्या अंगाला खांदा लावला. पहिला फेरा निघता निघेना. दुसरा निघाला. आठ फेरे झाले, पाणी खाली गर्जत सुटलं आणि अलीकडची पातळी उतरू लागली. थोड्या वेळानं गाडीचा काळा टप म्हशीच्या पाठीसारखा वर आला.

"माझी गाडी," श्रीमंत म्हणाला आणि मग रडला.

दुपारी सायकलवरून हवालदार आला. बाभळीखाली बसून त्यानं पंचनाम्याला सुरुवात केली. "हे गेट कोणी उघडलं? पाटकरी कोण इथला?"

निसळ ओल्या कपड्यांनिशी कुडकुडत होते. सवयीनं म्हणाले, "यशया मकासरे."

"बोलवा त्याला."

 मरियानं पदर पिळला. "त्येला बोलवायला लई लांब जावं लागंल, हवालदार. अकरा म्हैने झाले मातीत जाऊन. ह्येंच्या हजेरीवर रोज येतोय खरा, पर दार उघडाया न्हाई येनार."

"मग उघडलं कोणी?"

"म्या."

हवालदारानं जबाब लिहायला घेतला. मरिया यशया मकासरे, वय छत्तीस, धर्म ख्रिस्ती. "धंदा?" त्यानं स्वतःच म्हटलं, "मजुरी," आणि टाक टेकवला.

"थांबा. पाटकरी लिवा."

"तसं कसं? नेमणूक दाखव."

"मजुरी लिवनार आसाल तर म्या अंगठा बी देनार न्हाई आन् सही बी. मजूर बाई सरकारी गेटाला हात लावती कशी, त्ये ह्या सायेबांना इचारा."

हवालदारानं निसळांकडं पाहिलं. आप्पासाहेब मध्येच म्हणाले, "तिचं काय लिहायचं एवढं? रावसाहेबांनी सांगितलं म्हणून उघडलं, असं लिहा."

निसळांनी आप्पासाहेबांकडं पाहिलं, मग त्यांच्या पलीकडं, मातीतून बाहेर आलेल्या पाईपाकडं.  नियम त्यांना पाठ होते. पण हनुवटीला लागलेलं पाणीही अजून अंगावर होतं.

"पाटकरी," ते म्हणाले. "लिहा. गेल्या एप्रिल महिन्यापासून या गेटांवर पाटकरी म्हणून त्याच काम करतात. मी खाली सही करतो. आणि तो पाईपही लिहा. किती इंची, कुणाच्या रानात जातो, सगळं."

आप्पासाहेब ओला फेटा गुंडाळत उठले आणि कुणाशी न बोलता उसाच्या बाजूनं चालू लागले.

त्या कागदाची नक्कल मिळवायला मरियानं नेवाशाला चार खेपा घातल्या. 'उद्या या' म्हणणाऱ्याला ती उद्या कचेरी उघडण्याच्या वेळी दारात दिसायची. ती नक्कल घेऊन ती नगरला मोठ्या ऑफिसात गेली. तिथल्या कारकुनानं बाईचं नाव बसवायला रकाना नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मेलेल्या माणसाला रकाना हुता न्हवं, त्योच द्या. पावसाळा संपता संपता हुकूम आला. हंगामी होता, पण नाव तिचं होतं. गोरक्ष त्या वेळी तरी आंघोळ आटपून बसला होता की नाही, माहीत नाही.

श्रीमंतानं गाडी दुरुस्त करून परत धंद्याला लावली. आता चारही दारांना हँडलं होती, प्रत्येक सुती दोरीनं बांधलेलं. शिटावरचे लोक हसायचे, तो हसू द्यायचा.

पण हुकमाची वाट पाहत मरिया थांबली नव्हती. गाडी बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती सात नंबरवर गेली. दोरी अजून दमट होती. गेट चार फेरे फिरवलं, पट्टी वाचली, आदल्या दिवशी आठ नंबरहून आणलेल्या वहीत आकडा मांडला. खाली 'य' काढायला पेन्सिल टेकली आणि तिथंच थांबली. मग जरा बाजूला सरकवून तिनं चौथीच्या गोल अक्षरात आपलं सबंध नाव लिहिलं आणि पुढच्या गेटाकडं चालू लागली.